शंकाच्या शाळेचं विलीनीकरण

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

गुरुवारी सकाळी मी चौथीच्या वर्गाची हजेरी घेत होते. पूर्वी आम्ही हजेरी एका लांबुळक्या वहीत घ्यायचो. आता टॅबवर घेतो. टॅबमधल्या प्रोग्रॅमचं नाव ‘हजेरी’ असंच आहे, आणि तो एका फार मोठ्या कंपनीचा आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या नावासमोर दोन बटणं असतात. एक ‘आज गैरहजर’ आणि दुसरं ‘शाळा सोडली’. दोन्ही पिवळी, दोन्ही एकाच मापाची, आणि दोघांच्या मधलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं. माझं बोट मात्र माणसाच्या बोटाएवढं आहे.

त्या दिवशी शंका आली नव्हती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण पहिलीच्या पहिल्या दिवशी हात वर करून ती म्हणाली होती, “बाई, मला एक शंका आहे,” आणि तो हात तिने अजून पुरता खाली घेतलेला नाही. म्हणून सगळी शाळा तिला शंका म्हणते. मी तिच्या नावासमोर ‘आज गैरहजर’ दाबायला गेले आणि शेजारचं दाबलं गेलं.

पडद्यावर रंगीत फुगे उडाले. ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!’ असं आलं. तिकडे मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रिंटर आपणहून जागा झाला आणि त्याने शाळा सोडल्याचा दाखला छापला. वर्तणूक, चांगली. प्रगती, समाधानकारक.

दोन मिनिटांनी शंका हातात एक बूट घेऊन दारात उभी.

“बाई, पट्टा तुटला.”

“बस बाळा,” मी म्हणाले. “पट्ट्यापेक्षा मोठं काहीतरी तुटलंय.”

पहिल्या बाकावर आमचा वकील बसतो. वय वर्षं दहा, पण प्रत्येक गोष्टीत बाजू मांडतो म्हणून वकील. त्याने टॅबमध्ये डोकावून बघितलं, मग वर्ग मोजला.

“बाई, ह्यात तीस आहेत. वर्गात एकतीस बसलेत.”

“परत मोज.”

त्याने परत मोजलं. “एकतीसच. पण त्यातली एक नाहीये.”

“मी आहे की!” शंका म्हणाली.

“दिसतेस,” वकील समजुतीने म्हणाला. “पण आहेस असं आत्ता म्हणता येणार नाही.”

पोरं हसली, मीही हसले. पण हसता हसता मी तारीख बघितली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ‘हजेरी’ आपणहून चौथीच्या मुलांची यादी मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला पाठवते. यादीत नाव नसेल तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर ती शाळा नाही. दुसरी शाळा आहे, पण दोन बस बदलून जावं लागतं. शंकाची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. सकाळी सहाला तिचा हात इस्त्रीवर असतो. मुलीला दोन बस बदलून पोचवणं तिला जमणारं नव्हतं.

संध्याकाळी तिला मी सगळं सांगितलं. “चूक माझी आहे. मीच निस्तरेन.”

“तुम्ही म्हणताय ना बाई, मग होईल,” ती म्हणाली, आणि निश्चिंतपणे घरी गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

महिना संपायला अठरा दिवस होते.

आमचे मुख्याध्यापक म्हणजे सर. सज्जन माणूस, पण ‘हजेरी’ला फार भितो. टॅबसमोर बोलताना आवाज खाली आणतो. त्यांनी शंकाचं नाव नव्याने घालून बघितलं. उत्तर आलं, ‘ह्या नावाची व ह्या जन्मतारखेची विद्यार्थिनी ही शाळा सोडून गेली आहे. तिला ह्या शाळेत परत घेता येत नाही.’

“आपण तिला एका दिवसाने लहान करू,” सर कुजबुजले. “जन्मतारीख बदलली की ती नवी मुलगी.”

“मग माझा वाढदिवस?” शंकाने दारातून विचारलं.

सर एवढे दचकले की त्यांनी टॅबवर रुमाल टाकला.

कंपनीच्या मदत क्रमांकावर मी दोन दिवस फोन केले. माझा फोन त्यांच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई मला दर मिनिटाला सांगत होती. एवढा मोलाचा होता तर उचलायचा. शेवटी मला माझा भाचा आठवला.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याच कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. गुणी पोरगा, पण कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला. मी त्याला तिथेच जाऊन गाठलं. कंपनीची अकरा मजली इमारत आहे. खालच्या दालनात एक लांबच लांब भिंत, आणि तिच्यावर पितळी पाट्याच पाट्या. कंपनीने विकत घेतलेल्या प्रत्येक लहान कंपनीच्या नावाची एक पाटी, चार स्क्रूंनी पक्की केलेली.

“केवढी भिंत ही!” मी म्हणाले.

“आपली भिंत भरली मावशी, म्हणून शेजारची कंपनी घेतली,” भाचा म्हणाला. “त्यांची भिंत चांगली होती.”

“आणि ते काय बनवायचे?”

“ते कुणी बघितलं नाही.”

वर त्याच्या टेबलाशी बसून मी त्याला बटणाची गोष्ट सांगितली. त्याने कपाळाला हात लावला. “मावशी, ती बटणं लांब करा म्हणून मी चार वर्षं सांगतोय. सतरा सह्या लागतात. दोन मिळाल्या. तिसरी डावी-उजवी समितीची.”

“ही काय भानगड?”

“कुठलं बटण डावीकडे, कुठलं उजवीकडे, ते ती समिती ठरवते. चार जण डावे म्हणतात, चार जण उजवे. दर महिन्याला जमतात, चहा पितात, उठतात.”

“अरे, पण हा प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलात ना?”

“छे! तो एका तिघांच्या कंपनीने लिहिला. आपण त्यांना विकत घेतलं. ते बघ तिकडे, तिघंही डावे.”

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय. एखादी गोष्ट कळली नाही की मी पायरीपायरीने विचारते. “हे बघ, मला नीट सांग. चार हजार माणसं आहेत तुमच्याकडे. मग बाहेरून का आणता?”

भाच्याने खुर्ची जवळ ओढली. लहानपणी माझ्यासमोर पाढे म्हणायला बसायचा तसाच बसला. “कंपनीत दहा माणसं होती तेव्हा एकाने हाक मारली की दुसरा काम करायचा. आता चार हजार आहेत. काही बनवलं आणि ते फसलं तर कोणामुळे, हा प्रश्न येतो. म्हणून आधीच सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. त्यापेक्षा बाहेर कुणीतरी बनवलेलं असतं. ते चालताना दिसतं, लोक वापरत असतात, बनवणारी पोरंही त्याच्यासोबत मिळतात. ते उचलायचं.”

“आणि त्याला किती सह्या?”

“एक.”

“एकच?”

“एकच. शिवाय आतल्या आत काही बनवलं तर बाहेर कुणाला कळतं? विकत घेतलं की दुसऱ्या दिवशी पेपरात. कंपनी वाढली! सगळे खूश.”

तेवढ्यात माझं लक्ष समोरच्या काचेच्या खोलीकडे गेलं. आत कोट घातलेला एक दणकट माणूस बसला होता आणि त्याच्या पाठीमागे नळ गळत होता. टप, टप, टप.

“ते उपाध्यक्ष आहेत,” भाचा हळूच म्हणाला. “आधी प्लंबर होते. नळ गळायला लागला, दुरुस्तीला सतरा सह्या. मग त्यांचं दुकानच विकत घेतलं.”

मला राहवलं नाही. मी आत गेले. “अहो, नळ गळतोय तुमचा.”

“ऐकतोय ना बाई, दीड वर्षं ऐकतोय,” ते कळवळून म्हणाले. “हात नुसते शिवशिवतात. पण आता मी आतला झालो. आतल्या माणसाने पाना उचलायचा तर सतरा सह्या.”

बाहेर आले तर एक हसतमुख गृहस्थ भाच्याशी बोलत उभे. हे खरेदीसाहेब. ती एक सही असते ना, ती ह्यांची. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं आपण दुकानात टांगलेल्या सदऱ्याकडे बघतो.

“मॅडम, आपण काय करता?”

“चौथीला शिकवते.”

“वा! ग्राहक किती?”

“मुलं? एकतीस. तुमच्या मते तीस.”

“टिकतात का?”

“नाही. एका वर्षात सगळी जातात.”

साहेबांचा चेहरा पडला. “सगळी? शंभर टक्के गळती? तुम्ही त्यांना थांबवत का नाही?”

“पास होतात हो,” मी म्हणाले. “पास झालेल्याला कसं थांबवणार?”

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि ते लिफ्टकडे गेले. ती लिफ्टवाल्यांची कंपनीही त्यांनीच घेतली होती म्हणे, एकदा लिफ्ट वेळेवर आली नाही तेव्हा.

भाच्याने लिफ्टचं दार बंद होऊ दिलं. मग म्हणाला, “मावशी, आतून हे काम तीन वर्षांत होणार नाही. बाहेरून तीन दिवसांत होईल. मी राजीनामा देतो.”

“वेडा आहेस का? एका बटणासाठी?”

“दोन बटणं आहेत,” तो म्हणाला, आणि त्याने खरंच राजीनामा दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ‘नाही’ म्हणाला होता. कान लाल झाले होते त्याचे.

आमच्या शाळेत नकाशांची एक खोली आहे. जुने नकाशे गुंडाळून ठेवलेत, एक बाक आहे, एक खिडकी. सरांनी ती त्याला दिली. तिथे भाच्याची कंपनी सुरू झाली. नाव ठेवलं ‘माघारी’. तिने एकच गोष्ट बनवली. ‘शाळा सोडली’ हे बटण खाली नेलं, लाल केलं, ते दाबलं की ‘नक्की?’ असा प्रश्न आणला, आणि त्याच्याखाली एक नवं बटण दिलं: ‘चुकलं, नाव परत घ्या’.

शाळा सुटल्यावर शंका खिडकीत बसून भाच्याच्या लॅपटॉपवर ते तपासायची.

“दादा, एकदाच नक्की विचारतं. बाईंनी घाईत हो म्हटलं तर?”

“मग दोनदा विचारू.”

“बाईंना तीनदा लागेल.”

मी नकाशे झटकत होते. ऐकलं नाही असं दाखवलं.

तीन दिवसांत काम झालं. आमच्या टॅबवर ते चालत नव्हतं, कारण ‘हजेरी’ला हात लावायची परवानगी फक्त कंपनीची. पण कंपनीने ‘माघारी’ विकत घेतली की ते आपोआप सगळ्या शाळांमध्ये जाईल, असा भाच्याचा हिशोब. त्याने खरेदीसाहेबांना नकाशांच्या खोलीत बोलावलं.

साहेबांनी बटण बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, “आपल्या समोरची ती दुसरी मोठी कंपनी, त्यांचा काही फोन?”

भाचा खोटं बोलत नाही. “काल आला होता. पण त्यांना औषधांचं दुकान हवं होतं. नंबर चुकला होता.”

“पण फोन आला?”

“आला, पण…”

“आला!” साहेबांनी खिशातून पेन काढलं. “तुमचं हे जे काय आहे ते त्यांच्या हाती लागलं तर? उद्या त्यांचं बटण आमच्यापेक्षा चांगलं? छे छे.” आणि त्यांनी नकाशाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. ती एक सही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कंपनी वाढली. खालच्या भिंतीवर ‘माघारी’ची पाटी लागली, चार स्क्रू. भाचा त्याच मजल्यावर, त्याच टेबलाशी परत गेला, फक्त खुर्चीला हात आले. महिना संपायला सहा दिवस होते. मी शंकाच्या आईला निरोप पाठवला, झालंच म्हणून समजा.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. टॅबवरची बटणं होती तिथेच, पिवळीच्या पिवळी. मी फोन केला.

“मावशी,” भाच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. “मी आता आतला झालो.”

“म्हणजे?”

“‘माघारी’ आता कंपनीची. कंपनीचं बटण हलवायचं तर…”

“सतरा सह्या,” मी म्हणाले.

“मी साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, विकत घेतलं ना, मग आता प्रश्न कुठे राहिला? मी म्हटलं, अहो, ते वापरायचंय. तर ते हसले. म्हणाले, आपल्याकडे आहे, म्हणजे दुसऱ्याकडे नाही. त्यांना एवढंच हवं होतं, मावशी.” मागे कुठेतरी टप, टप, टप ऐकू येत होतं. “कालपासून मला त्या प्लंबरकाकांच्या शेजारची खोली दिलीय.”

मुलांपासून काही लपवायचं नाही, असा माझा नियम आहे. शेवटच्या दिवशी सकाळी मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मुलांना काहीच कळेना. एवढी मोठी कंपनी, मग बटण का हलत नाही? मग मी सगळ्यांना आपापले रंगीत खडू बाकावर काढायला सांगितले, आणि वकिलाला रिकामा मोठा डबा दिला.

“तू मोठी कंपनी. तुला चित्र काढायचंय. तुझ्याकडे निळा नाही. काय करशील?”

“हिच्याकडून घेईन.”

“बदल्यात काय?”

“माझी गोष्टीची पुस्तकं वाचायला देईन.” त्याच्याकडे पुस्तकं पुष्कळ. तो निळा घेऊन आला, मग हिरवा, मग जांभळा. मुलंही हौसेने देत होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, त्याच्या डब्यात चार निळे झाले होते.

“चार कशाला रे?”

“तिचा मी घेतला नसता तर मागच्या बाकावरच्याने घेतला असता.”

दहा मिनिटांत वर्गातले सगळे खडू त्याच्या डब्यात. तो डब्याला मिठी मारून बसला होता.

“आता काढ चित्र,” मी म्हणाले.

वकिलाने डब्याकडे बघितलं. “बाई, एक हात सोडला तर डबा सांडेल.”

वर्ग खो खो हसला. एवढ्यात शंकाचा हात वर गेला.

“बाई, मला एक शंका आहे. दादाला कंपनीच्या आत राहून काही करता येत नव्हतं. म्हणून तो बाहेर गेला, त्याने स्वतःची कंपनी काढली, मग मोठीने त्याला आत घेतलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मी तर आधीच बाहेर आहे.”

तीस माना तिच्याकडे वळल्या.

“मला परत आत घेता येत नाही,” शंका म्हणाली. “पण माझीच शाळा असली तर? मुलीला विकत घेत नाहीत. पण शाळेला शाळा आत घेते का?”

मी टॅब उघडला. चार वर्षं वापरतेय, पण हजेरीच्या पानापलीकडे कधी गेले नव्हते. शेवटच्या पानावर एक बटण होतं. एवढं मोठं, एवढं हिरवं, एवढं सुबक बटण मी अख्ख्या ‘हजेरी’त पाहिलं नव्हतं: ‘दुसरी संस्था विलीन करा’. आसपास दुसरं काहीही नाही, चुकून शेजारचं दाबलं जाईल अशी सोयच नाही. एका मुलाचं नाव परत घ्यायची वाट कंपनीने ठेवली नव्हती, पण एक संस्था दुसरीत घालायची वाट मात्र हमरस्त्याएवढी होती. ज्याला ज्याची सवय.

मी टॅब घेऊन सरांकडे धावले. शंका आणि वकील मागे.

“नवी शाळा?” सरांनी घाम पुसला. “बाई, हे नियमात बसतं का?”

“नियमाचं मला माहीत नाही, सर. बटणात बसतं. काय घडलं ते मी खरंखरं कागदावर लिहून फाइलला लावते, खाली माझी सही. उद्या कुणी विचारलंच तर मला पुढे करा.”

सरांनी एकदा शंकाकडे बघितलं, एकदा तिच्या तुटक्या पट्ट्याच्या बुटाकडे. मग टॅबवरचा रुमाल काढला.

‘नवी संस्था’ उघडली. नाव, शंकाची शाळा. पत्ता, नकाशांची खोली. खोल्या, एक. विद्यार्थी, एक. नाव आणि जन्मतारीख खरीच घातली. ‘हजेरी’ने हूं की चूं केलं नाही, कारण ही शाळा सोडून कुणी गेलेलंच नव्हतं.

“मुख्याध्यापक कोण?” सरांनी विचारलं.

“मी,” शंका म्हणाली.

“अगं, तू विद्यार्थी आहेस.”

“माझ्या शाळेत दुसरं कोण आहे?”

वकिलाने तिची बाजू घेतली. सर हरले. शंकाने पुठ्ठ्यावर ‘शंकाची शाळा’ लिहून नकाशांच्या खोलीच्या दाराला लावलं, आत जाऊन बाकावर बसली, आणि मी तिला मधल्या सुट्टीत भागाकाराची दोन गणितं घातली. कागदावर शाळा म्हटलं की शिकवणं आलंच. गणितं बरोबर आली. त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला.

तीन वाजून वीस मिनिटांनी सर दारावर टकटक करून आत आले. एरवी ते टकटक करत नाहीत.

“आपली शाळा आमच्यात विलीन करावी, अशी विनंती घेऊन आलोय,” सर बाकावर अवघडून बसत म्हणाले. “आपल्याकडे काय काय आहे?”

“एक बाक, एक खिडकी, एक मुलगी. आणि सतरा नकाशे, त्यातला एक उलटा लावलाय.”

“का देताय एवढी चांगली शाळा?”

“एकटीला डबा खायला कंटाळा येतो.” शंकाने हाताची घडी घातली. “पण माझ्या अटी आहेत. उशीर झाला तर लगेच नाव कापायचं नाही. आधी दारातून बघायचं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“मान्य,” सर म्हणाले. “आणखी?”

“मला प्रिंटरमधून दाखला कसा येतो ते बघायचंय.”

“ते नको!” सर आणि मी एकदम ओरडलो.

पावणेचारला सरांनी श्वास रोखून हिरवं बटण दाबलं. त्याने ‘नक्की?’ असं एकदाही विचारलं नाही. पडदाभर फुगे उडाले, त्या दिवशीच्यापेक्षा मोठे. ‘अभिनंदन! आपली संस्था वाढली आहे.’ पटावर चौथीसमोरचा आकडा तीसवरून एकतीस झाला. शेवटचं नाव शंकाचं.

चार वाजता यादी गेली. आम्ही चौघं टॅबवर वाकून बघत होतो. एकतीस नावं. माझ्या जिवात जीव आला. वकिलाने टाळ्या वाजवल्या. शंका मात्र विचारात पडली होती.

“बाई, ते म्हणतंय शाळा वाढली. पण आपण आधी एकतीस होतो. आताही एकतीसच.”

“मग?”

“मग वाढलो कुठे?”

“ते बटण बनवणाऱ्यांना अजून कुणी विचारलं नसावं,” मी म्हणाले.

“आणि माझी शाळा? ती गेली?”

“एका दिवसाचीच होती गं.”

“पण चांगली होती,” शंका म्हणाली. तेही खरंच होतं. वकील धावत गेला, दारावरचा पुठ्ठा काढून घेऊन आला आणि वर्गातल्या भिंतीवर त्याने तो चार टाचण्यांनी पक्का केला.

साडेचारला सरांचा फोन वाजला. खरेदीसाहेब. कंपनीच्या पडद्यावर त्यांना दिसलं होतं, एका शाळेने आज दुसरी शाळा घेतली. अशी झपाट्याने वाढणारी संस्था त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. विकणार का?

सर जागेवरून उठून उभे राहिले. “साहेब, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही घेतलंत तर उद्या फळा पुसायला मला सतरा सह्या लागतील.” आणि त्यांनी फोन ठेवला. मग स्वतःच्याच हाताकडे बघत बसले.

भाच्याचा फोन मला घरी आला. “मावशी, चार वाजून गेले. काय झालं?”

“गेली यादी. तुमच्याच बटणाने झालं.” मी सगळं सांगितलं. तो इतका वेळ हसला की मला काळजी वाटली. मग म्हणाला, “मावशी, नकाशांची खोली रिकामी आहे का?”

“आहे. का रे?”

“प्लंबरकाका विचारत होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घ्यायला टॅब उघडला. दोन्ही बटणं जिथल्या तिथे, पिवळी, मधे तांदळाचा दाणा. डावी-उजवी समिती महिनाअखेरीस पुन्हा जमणार होती. मी नावं घेत गेले. शेवटचं नाव आलं आणि शेवटचा बाक रिकामा.

माझं बोट पडद्यावर गेलं होतं. मी ते मागे घेतलं, टॅब टेबलावर पालथा ठेवला आणि दाराकडे गेले. व्हरांड्याच्या पार टोकाला शंका एका पायावर उड्या मारत येत होती, हातात बूट.

“बाई, दुसरा पट्टा!” ती लांबूनच ओरडली.

“ये सावकाश,” मी म्हणाले. “मी दारातच आहे.”